पुठ्ठ्याची खिडकी

या लेखात गावाचं नाव येणार नाही. मंठ्याहून आत जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव, तिथं प्राथमिक आरोग्य केंद्र होतं आणि शनिवारी बाजार भरायचा, एवढं सांगून मी थांबते. ज्या बाईविषयी पुढे लिहिणार आहे तिचं आणि तिच्या मुलीचं नावही मी बदललेलं आहे. खरातभाऊंचं आडनाव तेवढं खरं. नावं झाकायची ही सवय त्यांनीच मला लावली, आणि आज एवढ्या वर्षांनी त्यांच्यावरच लिहायला बसले तर पहिल्या ओळीला हात अडखळला.

गोष्ट बहात्तरच्या दुष्काळाच्या आणि त्यानंतरच्या चार-पाच वर्षांतली. जालना जिल्हा तेव्हा झालाच नव्हता. आमचे कागद औरंगाबादच्या विभागीय कचेरीपर्यंत जात आणि बरेचसे तिकडेच मुक्काम ठोकत. मी त्या केंद्रावर नर्स होते, नोकरी नवी आणि जीभ तिखट. खरातभाऊ कुष्ठरोगाचे कर्मचारी. सायकलवर गावोगाव हिंडायचं, लोकांच्या अंगावरचे चट्टे तपासायचे, ज्याला रोग असेल त्याची नोंद करायची आणि त्याला वर्षानुवर्षं गोळ्या पोचवायच्या, हे त्यांचं काम. 'महारोग' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. ते 'चट्टा' म्हणत आणि रोग्याला 'आपलं माणूस' म्हणत.

अंगाने किडकिडीत, उंच, पायजम्याला सायकलची क्लिप दिवसभर तशीच अडकवलेली. खिशात पेनाशेजारी कोंबडीचं एक पीस असे. माणसाला डोळे मिटायला सांगायचे आणि ते पीस चट्ट्यावरून फिरवायचे. कळलं तर ठीक, नाही कळलं तर खरातभाऊ पीस पुन्हा एकदा फिरवून बघत. मग म्हणत, "काई न्हाई, बरा व्हतो ह्यो. फकस्त गोळी सोडायची न्हाई."

त्यांचं रजिस्टर म्हणजे केंद्रातलं एक प्रकरणच होतं. लाल कापडात बांधलेलं, पत्र्याच्या पेटीत ठेवलेलं, आणि त्या पेटीवर स्वतः खरातभाऊ बसलेले. केंद्रात खुर्च्या नव्हत्या असं नाही, पण त्यांना पेटीच आवडे. रजिस्टरात जुन्या कॅलेंडरचा एक पुठ्ठा असे. त्याला मधोमध ब्लेडने आडवी फट पाडलेली, बरोबर एका ओळीएवढी. रजिस्टर उघडलं की आधी पुठ्ठा पानावर बसे, मग तो सरकवत ते हव्या त्या ओळीवर येत. समोर अंगठा द्यायला आलेल्या माणसाला फक्त स्वतःची ओळ दिसायची.

"त्याला कुठं वाचता येतंय?" मी एकदा चिडून म्हटलं. दारात बायांची रांग लागली होती आणि ह्यांचा पुठ्ठा काही सरकत नव्हता.

"त्याच्या लेकाला येतंय ना, ताई," ते म्हणाले आणि सावकाश पुढची ओळ शोधू लागले.

एकदा वरून साहेब तपासणीला आले. त्यांनी रजिस्टर मागितलं. खरातभाऊंनी ते उघडून पुठ्ठा ठेवूनच पुढे केलं. साहेब म्हणाले, "हे काय? मी तुमचा वरिष्ठ आहे." खरातभाऊ हात जोडून म्हणाले, "साहेब, समदं दिसंल. एकाखाली एक दिसंल." साहेबांनी त्या फटीतून दोन पानं वाचली, डोळे चोळले आणि सही ठोकून जीपमध्ये जाऊन बसले. पुढे त्यांचा शेरा आला, 'कर्मचारी विक्षिप्त आहे.' खरातभाऊंनी मला त्याचा अर्थ विचारला. मी सांगितल्यावर खुदकन हसले आणि म्हणाले, "बराबर लिव्हलंय की."

दुष्काळात गावाबाहेर खडी फोडायचं सरकारी काम निघालं होतं. दुपारी सगळ्यांना सुकडी मिळे. काही लोकांनी कुरकुर सुरू केली की आमच्या रांगेत 'तसले' आहेत. मुकादम सरळ आमच्याकडे आला आणि यादी मागू लागला. म्हणे, त्यांना वेगळं बसवतो, खायलाही वेगळं देतो, वाईट काय त्यात?

"रजिस्टर वाळवीनं खाल्लं," पेटीवर बसल्याबसल्या खरातभाऊ म्हणाले.

"मंग पेटीत काय हाये?"

"वाळवी."

मुकादम शिव्या देत गेला. दुसऱ्या दिवशी खरातभाऊ जुन्या धोतराच्या चिंध्यांचं गाठोडं घेऊन कामावर हजर. ज्यांच्या हाताला संवेदना नसते त्यांना हातोड्याने फोड आले तरी कळत नाही आणि हात सडतो. तेवढ्यांच्याच दांड्याला चिंधी बांधली असती तर ते ओळखू आले असते. म्हणून या माणसाने उन्हात दिवसभर बसून दिसेल त्या दांड्याला चिंधी बांधली. मी त्यांना वेड्यात काढलं. संध्याकाळी मात्र मीही माझं एक जुनं लुगडं फाडून दिलं.

पण ह्याहून अवघड गोष्ट ते रोज करत, आणि ती मला फार उशिरा कळली. गोळी द्यायची एका घरी, तर ते त्या गल्लीतल्या पाच घरी थांबत. प्रत्येक ठिकाणी पाणी मागायचे, खरूज-खोकल्याची चौकशी करायची, एखाद्या पोराला जंताची पुडी द्यायची. कोणतं घर आपलं आणि कोणती चार नुसती सोबतीला, हे कुणाला कळू नये म्हणून. खरात हे बौद्ध. गावाला ते ठाऊक होतं. त्या पाचांतल्या तीन घरी त्यांना भांडं मिळत नसे. ते उंबऱ्याबाहेर वाकून ओंजळ धरत आणि घरातली बाई वरून पाणी ओतत असे. मी एकदा सोबत होते. माझं डोकं फिरलं. परत येताना म्हटलं, "खरातभाऊ, त्या बाकीच्या घरांत रोगी नाही ना? मग कशाला जाता तिथं ओंजळ धरायला? तुमच्या लोकांनी धर्म बदलला तो काय ह्यासाठी?"

त्यांनी पायजम्याची क्लिप सारखी केली आणि सायकल हातात धरून चालू लागले. मग म्हणाले, "राग येतो, ताई. तुमाला येतो त्याच्याहून जास्ती येतो. पण ती घरं सोडली तर मंग शेवंताचंच घर उरतं न्हवं?"

शेवंता हे त्या पाच घरांपैकी खरं घर. मेंढरं विकून शेतीला लागलेलं कुटुंब. सून विशीतली, कडेवर मंदा नावाची पोर. शेवंताच्या पाठीवर चट्टा होता, लुगड्याखाली झाकलेला. तो खरातभाऊंना सापडला तेव्हा तिने त्यांचे पाय धरले होते. सासूला कळलं तर मला हाकलतील आणि पोर ठेवून घेतील, एवढंच ती म्हणत राहिली. मग मी त्या घरी जाऊन सासूला सांगितलं की तुमची सून बाळंतपणापासून अशक्त आहे, तिला रक्तवाढीच्या गोळ्या चालू ठेवायच्या. म्हातारी माझ्यावर विश्वास ठेवायची. खरातभाऊ वाकून ओंजळ धरत, शेवंताच वरून पाणी घालत असे, आणि ओट्यावर ठेवलेली 'रक्तवाढीची' पुडी सासू स्वतः उचलून आत नेत असे. दोन वर्षं हे असं सुरळीत चाललं होतं. चट्टा फिका पडला होता.

खरातभाऊ नुसते राखणदार होते असं मात्र समजू नका. त्या रजिस्टरात काहीतरी दडलंय असं त्यांना फार वाटे. दुपारी गर्दी ओसरली की पेटीवर बसून पुठ्ठा खालीवर करत बसायचे. "ताई, ह्या घरात बापाला हाये, तर लेकराला निघालं. त्या घरात दोघांला हाये, तर लेकरं साफ. का बरं? कुणीतरी शिकलेल्यानं ह्ये एकदा नीट वाचाया पायजे." त्यांचं स्वतःचं शिक्षण सातवीपर्यंत. हा प्रश्न त्यांनी प्रत्येक साहेबाला विचारला होता आणि एकाही साहेबाने तो कानावर घेतला नव्हता.

म्हणून शहरातल्या मेडिकल कॉलेजातले एक तरुण डॉक्टर जेव्हा एसटीने, धुळीने माखून, आमच्या केंद्रावर आले आणि त्यांनी नेमका हाच प्रश्न काढला, तेव्हा खरातभाऊंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पेटीवरून उठून कुणाला तरी बसायला जागा दिली. डॉक्टर माणूस सरळ होता. मी आजही त्यांना वाईट म्हणणार नाही. ते म्हणाले, "मला नावं नकोतच. वय, बाई की पुरुष, रोग कधी दिसला, आणि कोण कुणाच्या घरात राहतं, एवढं द्या. घर कळायला हवं, शेजार कळायला हवा, नाहीतर रोग कसा सरकतो ते समजणार कसं?"

घर सांगायचं आणि नाव सांगायचं नाही, हे कसं जमवायचं? तोड डॉक्टरांनीच काढली. मलेरियाच्या ऑफिसातून त्यांनी गावाचा नकाशा आणला होता आणि त्यात प्रत्येक घराला आकडा होता. त्यांनी सुचवलं की नावाच्या जागी तो आकडा लिहा. खरातभाऊंनी एक रात्र विचार केला आणि सकाळी हो म्हणाले. काम झालं की नकाशा परत शहरात, आकडे कागदावर, नाव कुठंच नाही.

तीन आठवडे आम्ही ते काम केलं. मी पुठ्ठा सरकवून ओळ वाचायची, खरातभाऊंनी नाव, जात, बापाचं नाव गाळून उरलेलं सुबक अक्षरात उतरवायचं. घराचा आकडा ते नकाशावरून घेत. शेवंताचं घर एकशेबारा. पान पुरं झालं की ते लांब धरून बघत. "बघा बरं ताई, वळखू येतंय का कुणी?" मी बघायची आणि म्हणायची, "कुण्णी नाही." मला अभिमान वाटत होता, आणि त्यांना माझ्याहून जास्त.

आता ज्यांना त्या काळची खेडी आठवतात ते कपाळावर हात मारून घेतील. मलेरियाचे फवारणीवाले गावात येत आणि प्रत्येक दाराच्या चौकटीवर गेरूने तोच आकडा रंगवून जात. लालभडक, हातभर. आम्ही दोघं रोज त्या दारांतून जात होतो, त्या आकड्यांखाली उभं राहून पाणी पीत होतो. तरी आम्हाला ते दिसलं नाही. कारण तो आकडा मलेरियाचा होता. मलेरियाचं काम मलेरियाचं, आमचं आमचं. खात्यात राहून माणसाची नजर अशी होते. फवारणीवाल्याचं काही आपण वाचायचं असतं हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

वर्षाच्या आत डॉक्टरांचा अहवाल आला, सायक्लोस्टाईल केलेला. आभार मानायचे म्हणून एक प्रत केंद्राला आणि एक ग्रामपंचायतीला. शेवटी घरांचा तक्ता. नाव कुणाचंच नव्हतं, म्हणून त्यांना तो झाकावासा वाटला नाही. सरपंचांना आनंद झाला, आपलं गाव छापून आलं. त्यांनी पानं सुटी करून चावडीच्या फळ्यावर टाचली. अहवाल इंग्रजीत. लोक बघायचे आणि पुढे जायचे. दोन दिवसांनी शाळेतल्या मास्तरांनी वरचा मथळा वाचून त्याचा अर्थ सांगितला. खालचे आकडे मात्र कुणी वाचून दाखवायची गरज नव्हती. एसटीवर, दारावर तेच इंग्रजी आकडे होते.

मला निरोप मिळाला तेव्हा दुपार होती. मी चावडीकडे धावले. तोवर माणसं पानं फाडून हातात घेऊन गल्लीगल्लीने फिरत होती, चौकटीवर बघत, कागदावर बघत. कुणी आरडाओरडा करत नव्हतं. मोजणीला निघाल्यासारखी शांतपणे फिरत होती.

शेवंताच्या दारात सासू उभी होती. मला बघून ती म्हणाली, "सिस्टर, रगताच्या गोळ्या व्हत्या न्हवं त्या?" त्यापुढे ती माझ्याशी कधीच बोलली नाही. आत शेवंता नवऱ्याला हात जोडून सांगत होती, आता बरी झाले, चट्टा गेला, खरातभाऊंना विचारा. ते खरंच होतं. ती जवळजवळ बरी झालेली होती. संध्याकाळच्या एसटीने भावाने तिला नेलं. मंदाला सासूने आतल्या खोलीत धरून ठेवलं होतं आणि ती पोर ज्या आवाजात रडत होती तो मी इथे लिहू शकत नाही.

खरातभाऊ दौऱ्यावर होते. ते रात्री आले असावेत. सकाळी मी पाहिलं तर ते बादली आणि चिंधी घेऊन गल्लीत होते. दारोदार जाऊन चौकटीवरचे आकडे पुसत होते. एकशेबाराच नाही, सगळ्या गावाचे. लोक ओट्यावर बसून बघत होते. मी म्हटलं, "खरातभाऊ, आता काय उपयोग?" ते घासतच राहिले. गेरू मुरलेला असतो, तो निघत नाही, नुसता पसरतो. दुपारपर्यंत त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले होते. मलेरियावाल्यांनी तक्रार केली आणि खरातभाऊंना मेमो मिळाला.

त्या शनिवारी बाजार भरला, पण गोळीसाठी एकही माणूस आला नाही. पुढच्या शनिवारीही नाही. खरातभाऊ पेटीवर बसून दाराकडे बघत राहायचे. दारोदार गेले तर ज्यांच्या घरात रोगी नव्हता ते पाणी द्यायचे, आणि आपली माणसं दार लावून घ्यायची. कुंभार पिंपळगावाकडच्या एका वस्तीवर शेवंताचं माहेर होतं. तिथवर ते सायकलने तीनदा गेले. तिसऱ्यांदा कळलं, ती टोळीबरोबर ऊसतोडीला गेली. कुठल्या कारखान्यावर, ते कुणी सांगितलं नाही.

पुढे डॉक्टरांचं पत्र आलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं की तुमच्या यादीमुळे एक गोष्ट स्पष्ट झाली. ज्या घरात रोगी आहे त्या घरातली लेकरं पुन्हा पुन्हा तपासली पाहिजेत, चट्टा लहान असतानाच धरला तर लेकरू धडधाकट राहतं. तसा आदेश वरून निघणार होता. खरातभाऊंनी पत्र दोनदा वाचलं.

"ह्येच तर मी म्हणत व्हतो," ते म्हणाले. आवाजात आनंद नव्हता, रागही नव्हता. पत्र त्यांनी पेटीत टाकलं. डॉक्टरांना झालेला प्रकार कळवा, असं मी म्हटलं तर मान हलवली. "काय कळवू? कुणाचं काय झालं म्हनून लिहू? त्यात बी घर आलंच की."

त्यानंतर त्यांनी रजिस्टरात नवीन नाव लिहिलं नाही. दर महिन्याला 'निरंक' लिहून सही करायचे. आणि मग एका दुपारी त्यांनी मला बाजूला बोलावलं. खिशातलं पीस हातात होतं. शेवंता गेली म्हणजे घरातला रोगही गेला असं सासू समजत होती, म्हणून त्या उंबऱ्यावर त्यांना अजून पाणी मिळत होतं. मंदाच्या उजव्या हाताला, कोपराखाली, चार आण्याच्या नाण्याएवढा चट्टा होता. तिला पीस कळलं नव्हतं.

"मग लिहा," मी म्हटलं.

"लिव्हनार न्हाई. जंताची म्हनून गोळी देऊन राह्यलो."

माझा तोल गेला. "आणि उद्या तुमची बदली झाली तर? कागदावर ही पोर नाहीच. नवा माणूस येईल, त्याला काय स्वप्न पडणार आहे?"

"लिव्हलं तर आजच जाईल ती. आईच्या वाटंनं," खरातभाऊ म्हणाले. "तुमी सांगा ताई, काय करू? तुमी म्हनाल तसं करतो. बिलकुल तसंच करतो."

 ते माझ्या तोंडाकडे बघत उभे होते आणि मी टेबलावरच्या बाटल्या नीट लावायला लागले.

बदली आधी माझी झाली, अंबडला. चार महिन्यांनी कळलं, मेमोचा पाठपुरावा होऊन खरातभाऊंनाही दूर नांदेडकडे पाठवलं. नव्या माणसाने पेटी आणि रजिस्टर ताब्यात घेतलं, त्यात अलीकडचे सगळे महिने निरंक. मी त्याला लिहायला पोस्टकार्ड घेतलं. 'तिथे एका घरात एक लहान मुलगी आहे' इथवर लिहिलं आणि थांबले. पुढे नाव लिहू की आकडा? पोस्टकार्ड तर पोस्टमनपासून सगळे वाचतात. बंद पाकीट आणता आलं असतं, ते मी आणलं नाही. कार्ड फाडून टाकलं. तेव्हा मी मनाला समजावलं की ही खरातभाऊंची शिकवण. ती शिकवण नव्हती, ती भीती होती. मंदाचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही आणि विचारायचं धाडस मी आजवर केलेलं नाही.

खरातभाऊंना शेवटचं पाहिलं ते मी गाव सोडलं त्या सकाळी. वळकटी घेऊन एसटीकडे निघाले होते. वाट त्याच गल्लीतून. फवारणीवाले पुन्हा येऊन गेले होते, चौकटीवर ताजा गेरू होता, एकशेबारा. भिंतीला सायकल टेकलेली. खरातभाऊ उंबऱ्याबाहेर वाकून ओंजळ धरून उभे होते आणि मंदा आजीने शिकवलं तसं, हात न लागू देता, वरून तांब्याने पाणी ओतत होती. त्यांनी मला पाहिलं नाही. ओंजळ भरली होती, पाणी बोटांमधून खाली पडत होतं आणि ते पीत नव्हते. ते पोरीच्या उजव्या हाताकडे बघत होते, चट्टा वाढला की काय ते.

"अजून घालू का?" मंदाने विचारलं.

"घाल, बाई, घाल," ते म्हणाले.